पेइ उस्ताद आणि शरदातले जुलाब

चीनमधल्या लिउजेन गावात मूल महिन्याचं झालं की त्याचं जावळ काढायला पेइच्या दुकानात आणत. लाल दुपट्ट्यात गुंडाळलेलं पोर घेऊन आजी पुढे, तिच्या मागे आई, आणि सगळ्यांत मागे लाल रंगवलेल्या अंड्यांची परडी सांभाळत कुणीतरी. पेइ आधी शेगडीवर हात शेकून घ्यायचा. गार हाताने तान्ह्या डोक्याला शिवायचं नाही, हा त्याच्या बापाचा नियम. मग टाळू कुठे लुसलुशीत आहे ते अंगठ्याने पाहायचा आणि वस्तरा असा फिरवायचा की पुष्कळदा पोर झोपेतून जागंही होत नसे. मानेपाशी बोटभर शेंडी राखायची, कारण तिला धरून मुलाचा जीव राहतो असं गावातल्या म्हाताऱ्यांचं मत होतं. उतरलेलं जावळ लाल फडक्यात बांधून आजीच्या हाती द्यायचं आणि परडीतलं एक अंडं तिथेच सोलून खायचं. ते खाल्ल्याशिवाय घरचे हलत नसत.

"या माणसाच्या अंगात रक्त नाही, नुसती अंडी आहेत," त्याची बायको मेइरू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. दुकानात गिऱ्हाइकांची डोकी धुवायचं काम तिचं होतं आणि बोलायचं कामही तिचंच.

पेइचा बाप फिरता न्हावी होता. खांद्यावर कावड, तिच्या एका टोकाला बसायचं स्टूल, दुसऱ्या टोकाला पाणी तापवायची शेगडी, आणि फन नदीच्या काठची गावं. पेइला त्याने माणसाच्या डोक्याला हात लावू दिला तो फार उशिरा. त्याआधी कोवळ्या कोहळ्यावरची लव वस्तऱ्याने उतरवायची. सालीला ओरखडा गेला की त्या रात्री तोच कोहळा जेवायला. "एक हिवाळा मी दुसरं काही खाल्लंच नाही," असं पेइ सांगायचा.

पुढे तो सरकारी केशकर्तनालयात लागला. तिथे पांढरा कोट होता, आरशांची रांग होती आणि गिऱ्हाइकाशी कमी बोला अशी पाटी होती. खासगी दुकानांना परवानगी मिळाली तेव्हा त्याने कोट परत केला आणि तालुक्याच्या इस्पितळासमोर एका खोलीत स्वतःचं दुकान थाटलं. शेजारी यान कुटुंबाचं शिरक्याचं, म्हणजे व्हिनेगरचं, दुकान. त्या मातीच्या रांजणांचा आंबूस वास पेइच्या खोलीत बारा महिने भरलेला असे. यानची बायको, जिला सगळी गल्ली यान वहिनी म्हणे, ती त्या दुकानाची खरी मालकीण. नवरा तिथे फक्त रांजण उचलायला होता.

इस्पितळाचं काम पेइच्या गळ्यात पडलं ते असंच एका शरदात. झाडांवर पर्सिमॉन पिकून लाल झाले आणि घराघरात कोळशाच्या चुली पेटल्या की मुलांचा वॉर्ड भरायला लागे. शरदातले जुलाब हे नाव गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आधी ताप यायचा, मग उलट्या, आणि मग फेटलेलं अंडं उकळत्या पाण्यात सोडल्यावर दिसतं तसे पाण्यासारखे जुलाब, दिवसभर, थांबायचं नाव नाही. वर्षाच्या आतबाहेरच्या पोरांचे डोळे खोल जायचे, ओठ सुकायचे आणि रडताना पाणी यायचं बंद व्हायचं. मग सलाईन. एवढ्याशा हातात शीर सापडत नाही, म्हणून सुई डोक्यात टोचायची. आणि डोक्यात टोचायची तर तिथले केस काढायला हवेत.

ते काम नर्सच करायच्या. पण हात-पाय झाडणाऱ्या पोराच्या कपाळाशी ब्लेड धरणं सोपं नाही. एकदा एकाला कापलं, रक्त आलं, आणि पोराच्या आजोबाने औषधांचा ट्रे उलटा केला. त्याच दुपारी मुख्य नर्स गंग ताई एप्रनवरच रस्ता ओलांडून पेइच्या दारात उभी राहिली.

"उस्ताद, धोकटी उचला. चला."

"कुणाची दाढी करायचीय?"

"दाढी यायला अजून वीस वर्षं आहेत त्यांना. चला लवकर."

तेव्हापासून दर शरदात तो जाऊ लागला. सकाळचं गिऱ्हाईक मेइरूवर सोपवून, धोकटी काखेत मारून तो वॉर्डात शिरे. वस्तऱ्याच्या बाबतीत तो फार कडक. प्रत्येक डोक्यानंतर पातं उकळत्या पाण्यात, मग स्पिरिटमध्ये, मग स्वच्छ फडक्यात. नर्ससुद्धा बघत राहत. पण केस काढण्यापेक्षा तिथे वाटाघाटीच जास्त असत. एकदा एका म्हातारीने त्याचं मनगटच धरलं.

"शेंडीला हात लावायचा नाही."

"शेंडी मागे आहे, आजी. सुई पुढे लागणार."

"आणि डावीकडचं काढू नका. डावी बाजू बापाची."

"बरं, उजवीकडचं काढतो."

"उजवी आईची. तिने काय घोडं मारलंय?"

गंग ताई मागून म्हणाली, "मधोमध कुणाचं आहे तेही सांगून टाका, म्हणजे सुई तिथेच टोचते."

म्हातारी हसली, मनगटावरची तिची पकड जरा सैल झाली, आणि तेवढ्यात पेइने कानावरचा तळहाताएवढा भाग साफही केला.

पोरांना गप्प करायचं त्याचं स्वतःचं साधन होतं. दांडीचा छोटा डमरू, लाल रंगाचा, दोन्ही बाजूंना चामडं, दोऱ्याला दोन मणी. जत्रेत घेतलेला. तळव्यात दांडी फिरवली की मणी चामड्यावर टकटकत आणि रडणारं पोर तोंड उघडं टाकून बघत राही. मग तो डमरू पोराच्याच हातात द्यायचा. पोर दांडी तोंडात घालून चघळायला लागलं की पेइचं अर्धं काम झालं. वॉर्डात तोच डमरू, दुकानात तोच डमरू. तो धोकटीतच राहायचा, कंगव्यांच्या शेजारी.

पुढे एका वर्षी वॉर्डात ताइयुआन शहरातून नवीन डॉक्टर आली. तिचं नाव नी. अंगाने बारीक, आवाज मोठा. येणाऱ्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तिला मुलाच्या आजाराचं कारण सांगे. बेंबीला गार वारा लागला. दात येताहेत. आईने पर्सिमॉन खाल्ले आणि दूध बाधलं. डॉक्टर नी सगळं ऐकून घेई आणि मग वऱ्हांड्यात उभं राहून सगळ्यांना एकदमच सांगे.

"वारा नाही, दात नाहीत, पर्सिमॉन नाही. हा विषाणू आहे. मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर गाडीच्या चाकासारखा दिसतो."

"म्हणूनच एवढा पळतोय," एक ट्रॅक्टरवाला बाप म्हणाला. वऱ्हांडा हसला.

"तो पळत नाही. तुम्ही उचलून नेता. लंगोट धुता, हात नुसते पाण्यात बुडवता आणि त्याच हाताने पाव मोडून पोराच्या तोंडात घालता."

"म्हणजे आम्ही घाणेरडे?"

"मीही यातलीच आहे. माझी भाची लहान असताना मीच तिच्या घरी हा आजार घेऊन गेले असेन. डोळ्यांना दिसत नाही, नाकाला वास येत नाही, तर कळणार कसं? साबण लावून हात धुवा, एवढंच मागते."

"मग त्या चाकाला मारायचं औषध द्या की."

"तसं औषध नाही. तो आपणहून जातो. तो जाईपर्यंत मुलाच्या अंगातलं पाणी टिकवायचं. ही मीठ-साखरेची पुडी उकळून गार केलेल्या पाण्यात घाला आणि चमच्याने पाजत राहा. आईचं दूध चालू ठेवा. ज्याला हे पोटात ठरत नाही आणि जो मलूल पडलाय, त्यालाच सलाईन."

सगळे मान डोलवत आणि पाचव्या मिनिटाला सलाईनच मागत. मीठ-साखरेसाठी एवढ्या लांबून ट्रॅक्टरने आलो का, असं विचारत. पेइलाही मनातून त्यांचंच पटत होतं. बाटली टांगलेली दिसते, थेंब पडताना दिसतो. पुडीचं काय दिसतं?

अशाच एका दिवशी तो सकाळभर वॉर्डात होता. दुपारी दुकानात येऊन नूडल्सचा वाडगा हातात घेतो न घेतो तोच यान वहिनी नातवाला काखेत मारून आली. पोराचं घरचं नाव शीतोउ, म्हणजे दगड. नाव टाकाऊ ठेवलं की पोर टिकतं, म्हणून. आठ महिन्यांचा, गुबगुबीत, पुढचे दोन दात आलेले. महिन्याचा असताना त्याचं जावळ पेइनेच काढलं होतं. पण वहिनीला नातवाचे केस पातळ वाटत होते.

"उस्ताद, पुन्हा भादरा. या वेळी दाट आले पाहिजेत. बापावर गेला तर तिशीतच चंद्र उगवायचा."

"बाप ऐकेल."

"ऐकू दे. त्याच्या डोक्यावर माश्यासुद्धा घसरतात."

पेइने वाडगा बाजूला ठेवला, हात शेकले, डमरू फिरवला आणि शीतोउच्या हातात दिला. पोराने दांडी दोन दातांमध्ये पकडली आणि लाळ गाळत शांत बसलं. शेंडी सोडून सगळं डोकं सफाचट झालं तेव्हा ते अंड्यासारखं चकाकत होतं. वहिनीने त्याचा मुका घेतला आणि पेइला शिरक्याची बाटली भरून पाठवून दिली.

दोन-तीन दिवस गेले असतील. गंग ताई दुकानावरून जाता जाता म्हणाली, "तुमच्या शेजारच्याला आणलंय काल संध्याकाळी. यानच्या नातवाला."

"काय झालं?"

"शरदात काय होतं?"

पेइ हातातलं गिऱ्हाईक पुरं करून गेला. शीतोउ खिडकीजवळच्या खाटेवर आईच्या मांडीत पडला होता. सून रुइफांगचा चेहरा रात्रभर जागून काळवंडला होता. पोराचे गाल बसले होते. सलाईनची सुई कपाळाच्या वर चिकटपट्टीने लावलेली होती.

यान वहिनीने पेइच्या काखेतली धोकटी पाहिली आणि म्हणाली, "आज तुमचं काम नाही इथे, उस्ताद. तुम्ही आधीच करून ठेवलंय."

ती साधंच बोलली होती. डोकं भादरलेलं होतं, नर्सला सुई टोचायला सोपं गेलं, एवढाच अर्थ. पेइ "हो" म्हणाला.

तेवढ्यात डॉक्टर नी आली. तिने पोराच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती किती हळू बसते ते पाहिलं, आणि नेहमीचे प्रश्न विचारायला लागली. घरात आणखी कुणाला जुलाब? पाहुणे आले होते? मूल कुठे नेलं होतं?

"कुठेच नाही," वहिनी म्हणाली. "गार वाऱ्यात मी त्याला बाहेर काढतच नाही. दुकान आणि घर. हां, उस्तादांकडे आलो होतो डोकं करायला, पण ते काय, भिंतीला भिंत."

डॉक्टर नी पेइकडे वळली. तिने त्याला वॉर्डात रोज पाहिलं होतं, पण कधी विशेष बोलणं झालं नव्हतं.

"तुमच्या वस्तऱ्याचं कौतुक ऐकलंय मी. एवढी लहान मुलं तुम्ही गप्प कशी बसवता?"

पेइला बरं वाटलं. त्याने धोकटीतून डमरू काढला आणि फिरवून दाखवला. पलीकडच्या खाटेवरच्या मुलीने लगेच हात पुढे केला.

डॉक्टर नीने तो त्याच्याकडून घेतला. दांडीवरचा लाल रंग खालून पार उडाला होता आणि लाकडावर दातांच्या बारीक खुणा होत्या, एकावर एक, कित्येकांच्या.

"हा कधी धुता?"

"चामडं आहे ना, डॉक्टर. पाण्यात घातलं तर आवाज जाईल."

तिने दांडी पुन्हा एकदा उजेडाकडे धरून पाहिली. मग त्याला वऱ्हांड्यात घेऊन गेली.

"हे बघा, शीतोउला यातूनच झालं असं मी म्हणत नाही. कुणालाच सांगता येणार नाही. दाराच्या कडीवरूनही जातं, दुकानात सुट्टे पैसे देणाऱ्याच्या हातावरूनही जातं. पण यातून जाऊ शकतं. इथल्या मुलाच्या तोंडातून निघून दुसऱ्याच्या तोंडात. हे इथे आणायचं नाही आणि इथून नेलेलं तिथे वापरायचं नाही."

"पण मी पातं उकळतो," पेइ म्हणाला.

"माहीत आहे. पातं कुणी तोंडात घालत नाही."

तो रस्ता ओलांडून दुकानात आला. मेइरू एका गिऱ्हाइकाच्या डोक्याला साबण फासत होती. पेइने शेगडीचं झाकण काढलं, डमरू आत टाकला आणि झाकण लावलं. चामडं जळल्याचा वास सुटला.

"काय जाळलंस?" मेइरू म्हणाली.

गिऱ्हाईक जाईपर्यंत तो कात्र्या पुसत राहिला. मग सगळं सांगितलं. मेइरूने टॉवेल खांद्यावर टाकला.

"साऱ्या तालुक्याची पोरं आजारी आहेत. ती काय सगळी तुझ्या डमरूने पाडली? एवढा मोठा कधी झालास तू, म्हाताऱ्या?"

"सगळी नाहीत."

"मग?"

"खोकल्याने येतात ना काही. सलाईनसाठी त्यांचंही डोकं मी करतो. त्यातल्या काहींना मग वॉर्डातच जुलाब लागतात. गंग ताई म्हणायची, एवढी पोरं एका खोलीत, लागणारच. मीही तेच म्हणायचो."

मेइरू स्टुलावर बसली. म्हणाली, "त्या यान वहिनीला एक अक्षर बोलू नकोस. डॉक्टर स्वतःच म्हणते ना, सांगता येत नाही म्हणून? मग तू कोण सांगणारा? आणि ती बाई काय आहे माहीत आहे तुला. उद्या गल्लीत कुणी आपल्या पायरीवर चढणार नाही."

पेइने वाद घातला नाही. पण संध्याकाळी तो पुन्हा वॉर्डात गेला. धोकटी नेली नाही.

तिथे वेगळाच गोंधळ चालला होता. शीतोउने डोकं झटकून सुई उपसली होती. कपाळावर टेंगूळ आलं होतं. गंग ताईने दुसरीकडे शीर शोधली, तिसरीकडे शोधली. अंगात पाणीच कमी, शिरा दबून गेलेल्या. चौथ्यांदा सुई जवळ आली तशी रुइफांगने पोराला छातीशी धरलं आणि ओरडली, "बस्स! माझ्या लेकराची चाळण केलीत तुम्ही!"

डॉक्टर नीने गंग ताईला थांबवलं. पोर थकलं होतं, पण शुद्धीवर होतं, ओठांना बोट लावलं की चोखत होतं. "उलटी किती वेळापूर्वी झाली? बरं. आता चमचा. आज सगळा चमच्याचाच खेळ. मी इथेच आहे. नाहीच जमलं तर पुन्हा सुई."

"मीठ-साखरेवर सोडताय माझ्या नातवाला?" वहिनी कडाडली. "गरिबाचं पोर आहे म्हणून?"

"वहिनी, बाटलीतही तेच आहे," डॉक्टर नी म्हणाली. "फक्त ती उलटी टांगलेली असते."

रुइफांगने वाडगा घेतला. पण पोर चमचा दिसला की तोंड फिरवत होतं. पाणी हनुवटीवरून गळ्यात जात होतं. पेइ बाजूला उभा राहून बघत होता. मग तो नळाशी गेला, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, खिडकीजवळच्या, खोली तापवणाऱ्या गरम पाइपावर हात धरून ऊब आणली आणि खाटेपाशी येऊन म्हणाला, "डोकं मी धरतो. तू नुसतं पाज."

ते मात्र त्याला येत होतं. एक तळवा मानेखाली, एक गालाच्या कडेला, दाब न देता. त्या हातात पोर डोकं हलवू शकत नव्हतं आणि आपल्याला धरलंय हे त्याला कळतही नव्हतं. रुइफांग चमचा ओठांच्या कोपऱ्यात तिरका करायची. एक चमचा. थांबायचं. दुसरा. पोराने ओकारी काढली आणि प्यायलेलं सगळं पेइच्या बाहीवर टाकलं.

"बघा, आलं बाहेर," वहिनी म्हणाली.

"येऊ दे," डॉक्टर नी दारातून म्हणाली. "थोडा वेळ जाऊ द्या आणि पुन्हा द्या. आणखी हळू."

पेइने बाही भिजलेला सदराच काढला, पुन्हा हात धुतले आणि पुन्हा बसला. मधे मधे रुइफांग अंगावर पाजत होती. वहिनी कधी खाटेच्या या बाजूला, कधी त्या बाजूला. शेवटी तिने सुनेच्या हातातला वाडगा काढून घेतला. "दे इकडे. झोप जरा. तुझं दूध आटलं तर काय करशील?" आणि मग ती पाजू लागली, पेइ डोकं धरून, ती चमचा धरून. खिडकीबाहेर रात्र गडद झाली तेव्हा शीतोउने लंगोट ओला केला. जुलाबाने नव्हे. वहिनीने हात घालून पाहिलं, वास घेतला आणि एवढ्या मोठ्याने ओरडली की गंग ताई धावत आली.

"शू केली! शू केली हो माझ्या राजाने!"

जुलाब त्यानंतरही काही दिवस चाललेच. पण पोराचे डोळे वर आले, आवाज परत आला, आणि एका सकाळी त्याने राळ्याच्या पेजेची वाटी स्वतःकडे ओढली. घरी न्यायची तयारी सुरू झाली. वहिनी नळावर फडकी धूत होती तेव्हा पेइ तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला आणि त्याने सांगितलं. डमरू, वॉर्ड, दुकान, दांडीवरचे दात, डॉक्टर काय म्हणाली ते. डॉक्टर नक्की सांगता येत नाही म्हणाली, हेही सांगितलं, पण ते अगदी शेवटी.

वहिनी फडकं पिळत राहिली. पाणी संपलं तरी पिळत राहिली.

"हे तुला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशीच."

"आणि तू माझ्याशेजारी बसून त्याचं डोकं धरत होतास?"

"हो."

"जा, उस्ताद," ती म्हणाली. "आत्ता माझ्या समोरून जा."

त्या हिवाळ्यात शिरक्याच्या दुकानातून कुणी पेइकडे आलं नाही. वहिनीचा नवरा यान डोकं करायला बसस्थानकाजवळच्या न्हाव्याकडे जाऊ लागला, डोक्यावर केस नव्हते तरीही. मेइरूला शिरका बाजारातून आणावा लागे आणि तो दर वेळी पाणचट निघे. "म्हणाले होते ना?" असं ती जेवताना म्हणायची, पण पहिल्या आठवड्यातच तिने ते म्हणायचं सोडून दिलं. जावळं कमी झाली. गल्लीत कुजबुज होती, ती पेइलाही ऐकू येत होती. कुणी म्हणे त्याच्या वस्तऱ्याला चाक लागलंय. वस्तऱ्याबद्दल ते ऐकून त्याला सगळ्यांत जास्त राग यायचा.

वॉर्डात तो जात राहिला, डॉक्टर नीने बोलावलं तेव्हाच. ती आता फार कमी वेळा बोलवायची. पण चमच्याने पाजायला नवीन आई कच खायला लागली की गंग ताई खिडकीतून रस्त्यापलीकडे हाक मारायची, आणि मग तो यायचा, हात धुऊन, पोराचं डोकं धरायला. कधी जमायचं, कधी नाही. एकदा डोंगरातून फार उशिरा आणलेली एक मुलगी त्याच्या हातातच गेली. त्या दिवशी त्याने दुकान उघडलं नाही.

दुसऱ्या चांद्रमासाच्या द्वितीयेला ड्रॅगन डोकं वर काढतो असं मानतात आणि सगळं गाव त्या दिवशी केस कापून घेतं. त्या सकाळी पेइच्या दुकानाबाहेर रांग होती, नेहमीपेक्षा लहान, पण होती. रांग मोडून यान वहिनी आत शिरली. काखेत शीतोउ, वर्षाचा झालेला, डोक्यावर विरळ तांबूस केस. त्याच्या मनगटाला दोरीने एक खुळखुळा बांधलेला होता.

मेइरू साबणाचा हात तसाच धरून उभी राहिली.

"हा त्याचा स्वतःचा आहे," वहिनी खुळखुळ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "तुझं काही त्याच्या हातात द्यायचं नाही."

"नाही देणार."

"आणि हात धू. माझ्यासमोर."

पेइने हात धुतले. ती बाजूला उभी राहून बघत होती.

"नखं."

त्याने नखं घासली.

"आता कर. आणि बघ, केस अजून तसेच पातळ आहेत. काय उपयोग झाला तुझ्या भादरण्याचा?"

"बापावर गेलाय, वहिनी."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. वहिनी हसली नाही, पण पोराला त्याच्या मांडीवर दिलं. तिच्यामागे रांगेत ज्यांच्या काखेत पोरं होती त्या सगळ्यांनीच मग त्याला आधी हात धुवायला लावले, आणि पुढे तो कुणी न सांगताच धुऊ लागला, पोराच्या आईला दिसेल असे, आणि सगळ्यांत शेवटी शेगडीवर शेकून घ्यायचा. संध्याकाळी यान शिरक्याची बाटली घेऊन आला. बायकोने दिलीय म्हणाला, आणि पैसे आणायला सांगितलेत असंही म्हणाला.

वर्षं गेली. शरदात वॉर्ड भरायचा तो पूर्वीसारखा भरेनासा झाला. पुडी घरोघरी पोचली, लांबच्या गावांतही लोक आधी चमचा हातात घ्यायला लागले. मग तोंडावाटे द्यायची लस आली. सगळेच घेत असं नाही. गंग ताई निवृत्त झाली आणि तिच्या जागी आलेल्या मुलींना समोरच्या न्हाव्याला हाक मारायची गरज पडली नाही. पेइला नात झाली तेव्हा तो साठीच्या पुढे होता. मुलगा ताइयुआनमध्ये, सून शाळेत शिक्षिका. पेइने हात शेकून घेतले होते, पण सून अदबीने म्हणाली, "बाबा, आम्ही जावळ काढणार नाही. हल्ली कुणी काढत नाही." मेइरूने त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "बरं."

पण लस पाजायला न्यायचं होतं तेव्हा तो बरोबर गेला. शहरातलं लख्ख केंद्र, रंगीत खुर्च्या. नर्सने एक छोटी कुपी फोडली आणि नातीच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सोडली. नातीने तोंड वाकडं केलं, जीभ बाहेर काढली आणि मग गिळून टाकलं.

"झालं?" पेइने विचारलं.

"झालं, आजोबा."

"एवढंच?"

"एवढंच. अर्धा तास बाहेर बसा."

तो बाहेर बसला. नात मांडीवर, तिचा एक हात त्याच्या अंगठ्याभोवती. तिच्या डोक्यावर जन्मापासूनचे केस होते, कुठे लांब, कुठे आखूड, कानामागे चिकटलेले. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. तो कधी घड्याळाकडे बघत होता, कधी त्या केसांकडे. अर्धा तास झाला तसा तो उठला, आणि सगळे कोपऱ्यावर नूडल्स खायला गेले.